लेन्सखालचं पाणी

हे पुस्तक ज्या कामाविषयी आहे, त्यात मिलिमीटरचा विसावा भाग हे रोजचं माप आहे. केराटोकोनस झालेल्या डोळ्यावर कडक लेन्स बसवताना तेवढ्याशा फरकाने लेन्स दिवसभर सुखाने राहते, नाहीतर दोन तासांत निघून डबीत जाते. अकोला, अमरावती आणि भोवतीच्या मूर्तिजापूर, अकोट, दर्यापूर, परतवाडा अशा गावांत डोळे तपासणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टांसाठी, ग्रामीण रुग्णालयांतल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांसाठी आणि अजून शिकत असलेल्या मुलामुलींसाठी ते लिहिलं आहे. या, राजेहो. विषय अवघड अशी त्याची ख्याती आहे आणि ती निम्मीच खरी आहे. सुरुवातीला लागणारी सामग्री बेताची: रेटिनोस्कोप, केराटोमीटर, निळा प्रकाश देणारा स्लिट लॅम्प, फ्लुरोसीनच्या पट्ट्या, एक ट्रायल सेट आणि रुग्णाला पुन्हा पुन्हा बोलावण्याची तयारी. यादीतलं शेवटचं कलम सर्वांत कठीण, आणि तेच घराजवळ जितकं जमतं तितकं दूरच्या मोठ्या इस्पितळात जमत नाही. लेन्स बसवण्याचं काम एका भेटीत संपत नाही, म्हणून ते अकोल्या-अमरावतीतच व्हायला हवं, हे माझं मुख्य म्हणणं. पुढे जे लिहिलं आहे ते या ना त्या वाटेने तिथेच येतं.

निरोगी पारपटल मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून थोडंच जाड असतं आणि त्याची वक्रता ४३-४४ डायॉप्टरच्या आसपास असते. केराटोकोनसमध्ये ते पातळ होत जातं आणि जिथे पातळ झालं तिथे, बहुधा मध्याच्या किंचित खाली, पुढे फुगतं. सुरुवात दहावी-बारावीच्या वयात होते. वाढ साधारण तिशी-पस्तिशीपर्यंत चालते आणि मग बहुतेकांत मंदावते. रोग बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो पण सारखा नसतो, त्यामुळे चांगल्या डोळ्यावर भागवत माणूस बरीच वर्षं काढतो. मग चष्म्याच्या दुकानाच्या चकरा सुरू होतात. दर सहा महिन्यांनी सिलिंडरचा नंबर वाढतो, अक्ष सरकतो आणि नवा चष्मा घालूनही गाऱ्हाणं कायम राहतं: ‘‘मले एका दिव्याचे चार दिवे दिसतेत.’’

हे वाक्य कानावर आलं की पुन्हा नंबर काढत बसू नये, रेटिनोस्कोप उचलावा. बाहुलीतला प्रकाशाचा पट्टा एकसंध न सरकता दोन पात्यांत फुटून उघडझाप करताना दिसला, तर अर्धं निदान तिथेच झालं. केराटोमीटरची वर्तुळं वेडीवाकडी दिसतात, एकमेकांवर नीट येत नाहीत. त्याचं माप साधारण ५२ डायॉप्टरला संपतं. समोर +१.२५ ची काच लावून तक्त्यावरून वाचलं की तेच यंत्र ६१ पर्यंत जातं. ही युक्ती जुनी आहे आणि हल्ली फारशी कुणी शिकवत नाही. टोपोग्राफी असेल तर उत्तमच, रोगाची सुरुवात तिच्याइतकी लवकर दुसरं काही दाखवत नाही. पण मशीन नाही म्हणून निदान राहिलं, ही सबब मला मान्य नाही. पोर्तुगालच्या प्लासिडोची तबकडी १८८० पासून आहे. काळ्या-पांढऱ्या वर्तुळांचा पुठ्ठा आणि मधोमध एक भोक एवढंच तिचं स्वरूप. ती दर्यापूरच्या शाळा-तपासणीतही नेता येते.

चष्मा का पुरत नाही आणि कडक लेन्स का पुरते, याचं उत्तर लेन्सपेक्षा तिच्याखालच्या पाण्यात आहे. चष्म्याची काच पारपटलापासून बारा-एक मिलिमीटर दूर असते. नियमित दोष ती भरून काढते, पण टेकाडासारख्या पृष्ठभागाने विस्कटलेला प्रकाश तिला आवरत नाही. मऊ लेन्स त्या टेकाडावर पसरते आणि त्याचाच आकार घेते. कडक लेन्स आपला आकार सोडत नाही. तिच्या गोल, गुळगुळीत पाठीच्या आणि खडबडीत पारपटलाच्या मधली जागा अश्रूंनी भरते. मातीच्या उंचसखल भुईवर सारवणाचा हात फिरला की वरचा थर एकसारखा व्हावा, तसं. अश्रूंचा अपवर्तनांक १.३३६ आणि पारपटलाचा १.३७६, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखेच. त्यामुळे पुढच्या पृष्ठभागाचा सुमारे नऊ-दशांश दोष त्या थरात विरून जातो आणि डोळ्याचा नवा पुढचा पृष्ठभाग म्हणजे लेन्सची बाहेरची बाजू. उरतो तो पारपटलाच्या मागच्या बाजूचा दोष. उत्तम बसलेल्या लेन्सनेही काही जणांना शेवटची ओळ वाचता येत नाही, त्याला हेच कारण. रुग्णाला हे आधीच सांगून ठेवावं. नंतर सांगितलेलं कारण त्याला बहाण्यासारखं वाटतं.

ही कल्पना आपल्याला वाटते त्यापेक्षा फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी काचेच्या वाटीत पारदर्शक जेली भरून ती वेड्यावाकड्या पारपटलावर ठेवावी, असं सुचवून ठेवलं होतं. त्यांनी स्वतः ते करून पाहिलं नाही. लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅम यांनी शंकूसारख्या पारपटलावर पहिला सविस्तर ग्रंथ लिहिला तो १८५४ मध्ये, म्हणजे निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला त्याच्या दुसऱ्या वर्षी. १८८८ मध्ये झ्युरिकचे फिक आणि पॅरिसचे यूजीन काल्ट यांनी जवळपास एकाच वेळी काचेच्या लेन्स डोळ्यावर बसवल्या. काल्ट यांचे रुग्ण केराटोकोनसचेच होते आणि त्यांची अपेक्षा अशी की काचेच्या दाबाने शंकू चपटा होईल. तो झाला नाही, रुग्णांना दिसू मात्र लागलं. दाबाने शंकू बसवता येतो, ही समजूत त्यानंतरही फार काळ मेली नाही. आजही एखादा रुग्ण विचारतो, ‘‘लेन्सनं हे टोक दबन ना मॅडम?’’ उत्तर सरळ द्यावं: नाही. लेन्स दृष्टी देते, रोग थांबवत नाही.

पुढचा टप्पा १९४८ चा. केव्हिन टुओही यांनी पांढऱ्या भागाला न टेकता फक्त पारपटलावर राहणारी प्लॅस्टिकची लेन्स केली. ते प्लॅस्टिक म्हणजे पीएमएमए. त्यातून प्राणवायू अजिबात जात नाही. पारपटलाला रक्तवाहिन्या नाहीत, ते हवेवर जगतं. म्हणून लेन्सखाली पाणी हलतं राहणं, दर उघडझापेला जुने अश्रू जाऊन नवे येणं, हीच त्या काळी जगण्याची वाट होती. १९७० च्या दशकात प्राणवायू झिरपू देणारं साहित्य आलं. आपल्याकडच्या बाजारात त्याच लेन्सला ‘सेमी-सॉफ्ट’ म्हणतात, जरी ती बोटाला कडकच लागते. न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमधल्या पॉल रोज यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस केवळ केराटोकोनससाठी मागच्या बाजूची वेगळी घडण असलेली लेन्स तयार केली, आणि ऑस्ट्रेलियाच्या डॉन इझिकेल यांनी १९८३ मध्ये नव्या साहित्याच्या मोठ्या स्क्लेरल लेन्सविषयी लिहिलं. म्हणजे फिरून गाडी फिक यांच्या काचेच्या वाटीपाशी आली, फक्त आता त्या वाटीतून हवा जाते.

आपल्या भागात हा रोग किती आहे? या प्रश्नाचं सर्वांत जवळचं उत्तर नागपूरजवळच्या खेड्यांतून आलं आहे. नागपूर म्हणजे वऱ्हाड नव्हे, हे वऱ्हाडी माणूस ऐकवल्याशिवाय राहणार नाही, पण ऊन, शेती आणि माणसं पाहता याहून जवळचा पुरावा नाही. तिथल्या आठ खेड्यांत तिशीवरच्या ४,६६७ जणांचे डोळे तपासले गेले आणि २००९ मध्ये केराटोकोनसचा आकडा प्रसिद्ध झाला: २.३ टक्के. हा आकडा जगभर उद्धृत होतो आणि नवख्यांना दचकवतो. तो कसा निघाला ते पाहा. मोजमाप केराटोमीटरचं होतं, आणि ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त वक्रता असेल त्याला रोग धरलं होतं. त्याच माणसांत रेषा ४९ वर ओढली तर प्रमाण ०.६ टक्के होतं आणि ५० वर ओढली तर ०.१. खेडी तीच, डोळे तेच, रेषा दोन डायॉप्टरने सरकली आणि रोग सुमारे तेवीस पट कमी झाला. मूळची टोकदार पण निरोगी पारपटलं पहिल्या गणतीत शिरली असणार, हा आक्षेप रास्त आहे. त्याचबरोबर तिशीच्या आतली माणसं, म्हणजे रोगाचं खरं वय, त्या पाहणीत नव्हतीच.

अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या एका काउंटीत लाखात ५४.५ असं प्रमाण १९८६ मध्ये नोंदलं गेलं. ते टोपोग्राफी सर्वत्र होण्याआधीचं. नेदरलँड्समध्ये विम्याच्या नोंदींवरून अलीकडे काढलेला आकडा लाखात २६५ आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे अकोला आणि अमरावती जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून सुमारे ४७ लाख. अमेरिकेचं प्रमाण लावलं तर आपल्या दोन जिल्ह्यांत अडीच हजार रुग्ण होतात, डच प्रमाण लावलं तर बारा हजारांवर. २.३ टक्के सरसकट लावले तर आकडा लाखावर जातो, आणि तो मला पटत नाही. पण इंग्लंडच्या मध्यभागात भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांत हा रोग गोऱ्यांच्या चौपट आढळला आणि तोही कमी वयात, हे ध्यानात घेतलं तर डच आकडासुद्धा आपल्याला थोटका पडावा. सगळ्यांना लेन्स लागत नाही. निम्म्यांना लागते असं धरलं तरी आज या दोन जिल्ह्यांत जे हात हे काम करतात ते फारच थोडे आहेत.

रोगाचं मूळ कारण अजून पूर्णपणे हाती आलेलं नाही. आनुवंशिकतेचा भाग आहे. आणि डोळे चोळणं आहे. त्याविषयी आता फारसा वाद राहिलेला नाही. वऱ्हाडात डोळे चोळायला कारणं विचारायला नकोत. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हवा कोरडी, धूळ उडती. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात तंतू तरंगत असतात. बांधावर गाजरगवत. हे तण १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं आणि आता त्याच्याशिवाय रिकामं वावर दिसत नाही. पाच ते पंधरा वयाच्या मुलांना, विशेषतः मुलग्यांना, उन्हाळ्यात डोळ्यांची जी कडाडून खाज सुटते, वरच्या पापणीआड दाणे येतात, तारेसारखा चिकट स्राव येतो, त्या ॲलर्जीला कोरडे उष्ण प्रदेश मानवतात. अशी मुलं मुठीने, बोटांच्या पेरांनी, मिनिट मिनिट डोळे रगडतात. आई म्हणते, ‘‘चोयू नको रे,’’ आणि तिथेच विषय संपतो. तो संपू देऊ नये. आधी ॲलर्जीवर उपचार, मग लेन्स. दाण्यांनी भरलेल्या पापणीखाली कडक लेन्स घातली तर ती राहणार नाही आणि दोष मात्र लेन्सवर येईल.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. एक उदाहरण सविस्तर घेतो, कारण या पुस्तकातली बाकीची सगळी त्याचीच रूपं आहेत.

केराटोमीटरवर ५० आणि ५४ डायॉप्टर आले. मिलिमीटरमध्ये ६.७५ आणि ६.२५, मध्य ६.५०. ट्रायल सेटमधून ६.५० ची लेन्स घेतली. पहिल्यांदाच लेन्स घालणाऱ्याच्या डोळ्यात बधिर करणारा एक थेंब टाकावा की नाही, यावर दोन मतं आहेत. मी टाकतो. घाबरलेल्या डोळ्यातून धो धो वाहणाऱ्या पाण्यात काहीच वाचता येत नाही. वीस मिनिटं लेन्स स्थिरावू द्यावी. मग पट्टीच्या टोकावर सलाईनचा थेंब घेऊन जास्तीचं झटकून टाकायचं, रुग्णाला वर बघायला लावायचं आणि खालच्या पापणीच्या आतल्या बाजूला पट्टी नुसती टेकवायची. रंग जास्त झाला की सगळंच हिरवं दिसतं आणि काही कळत नाही. दोन-चार वेळा उघडझाप करू द्यावी. स्लिट लॅम्पचा निळा प्रकाश, आणि बघणाऱ्याच्या बाजूला पिवळा फिल्टर. फिल्टर नसेल तर बघू नये असं नाही, पण असला की कडा उजळून निघतात.

काय दिसतं? मधोमध शंकूच्या टोकावर पुसटसा काळसर ठिपका, त्याच्याभोवती हिरवं तळं, मग मध्यपरिघावर काळसर पट्टा, आणि अगदी कडेला पुन्हा हिरवी कडी, साधारण अर्धा मिलिमीटर रुंद. ओझं तीन ठिकाणी वाटलं गेलं आहे: टोकावर अगदी हलकं, बाजूंवर जास्त. हेच आपल्याला हवं असतं. टोकावर गडद काळं मोठं वर्तुळ दिसलं तर लेन्स चपटी आहे. सगळं वजन शंकूवर पडतंय आणि वर्षभरात तिथे ओरखडे, मग व्रण. उलट मध्यभागी खोल हिरवं आणि त्यात अडकलेला बुडबुडा दिसला तर लेन्स फार खोल आहे. इथे एक सावधगिरीची गोष्ट. सुमारे २० मायक्रॉनहून पातळ असलेला रंगाचा थर आपल्या डोळ्याला काळाच दिसतो. म्हणून काळं म्हणजे टेकलेलंच, असं नाही. लेन्स हलवून पाहावी, पापणीने हळूच वर ढकलून सोडावी, काळं सरकतं का आणि लगेच भरतं का ते बघावं. स्थिर चित्रावरून निकाल देणारे नवखे इथेच फसतात.

समजा टोकावरचा डाग जरा जड वाटला आणि आपण ६.४० ची लेन्स घ्यायचं ठरवलं. आता नंबरही बदलणार, कारण लेन्सखालच्या पाण्याचा भिंगासारखा थर अधिक फुगीर झाला. सगळ्यांना पाठ असलेला आडाखा म्हणतो, ०.०५ मिमीला पाव डायॉप्टर, म्हणजे ०.१० ला अर्धा. पण हा आडाखा ७.८० च्या आसपासच्या साध्या डोळ्यांवर बेतलेला आहे. ३३७.५ ला ६.५० ने भागा, मग ६.४० ने भागा: ५१.९२ आणि ५२.७३. फरक ०.८१ चा, अर्ध्याचा नव्हे. ६.०० च्या घरात तर ०.०५ लाच जवळजवळ अर्धा डायॉप्टर जातो. डोळा जितका टोकदार तितका आडाखा जास्त खोटा. लेन्स नीट बसली पण नंबर चुकला, म्हणून निराश होऊन परत गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत. दोन भागाकार करण्याचा आळस, याहून वेगळं कारण नसतं. शक्यतो शेवटची ट्रायल लेन्स डोळ्यावर ठेवूनच वरून नंबर काढावा, आणि तो चारच्या पुढे असेल तर चष्म्याच्या अंतराचा हिशेब करावा. चष्म्यातला उणे ८.०० लेन्समध्ये साधारण उणे ७.२५ होतो.

खोल बसवावी की चपटी, हा वाद या क्षेत्रात अर्धं शतक चालला आहे. अमेरिकेत १६ केंद्रांनी मिळून केराटोकोनसच्या १,२०९ रुग्णांचा आठ वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा या प्रश्नाला थोडा उजेड मिळाला. चपट्या लेन्सच्या डोळ्यांत व्रण जास्त दिसतात हे खरं, पण चपटी लेन्स ज्यांच्या वाट्याला येते ते डोळे मुळातच जास्त टोकदार असतात. दोष लेन्सचा किती आणि रोगाचा किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. माझा कल टोकावर शक्य तितकं हलकं ठेवण्याकडे आहे. पण फार खोल लेन्स घट्ट बसते, तिच्याखालचं पाणी हलत नाही, आणि संध्याकाळी डोळा लाल. मध्य गाठणं हेच काम.

पुस्तकी ज्ञान इथवर सगळीकडे सारखं. यापुढे वऱ्हाड सुरू होतं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथलं विहिरीचं, बोअरचं पाणी भांड्यावर पांढरा थर ठेवून जातं. ते उकळलं तर जंतू मरतील, क्षार जाणार नाहीत, उलट वाढतील. लेन्सला कोणतंच पाणी लावू नये, हा नियम जगभर आहे, कारण पाण्यातला अकांथअमीबा पारपटल पोखरतो. आपल्याकडे त्याला क्षारांच्या पुटांचीही जोड मिळते. पण नियम सांगून भागत नाही. सोल्यूशनची बाटली संपली, तालुक्याच्या गावाला जायला आणखी चार दिवस आहेत, तर लेन्स कशाने धुवायची, हा रुग्णाचा प्रश्न आहे. कुणी औषधाच्या दुकानातून शिरेत द्यायच्या सलाईनची बाटली आणतं आणि महिनाभर पुरवतं. भोक पाडल्यावर ती बाटली निर्जंतुक राहत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मी पहिल्याच दिवशी दोन बाटल्या देतो आणि सोल्यूशन नसेल तेव्हा चार दिवस चष्म्यावर काढा, पण लेन्स पाण्याने धुवून घालू नका, असं लिहून देतो. घरी वडीलधारी असतील तर त्यांच्यासमोर: ‘‘काकाजी, पोराले टाकीतल्या पाण्यानं लेन्स धुवू देऊ नका.’’ पोरगं ऐकत नाही, काकाजी लक्षात ठेवतात.

तसाच कूलर. उन्हाळ्यात वर्गात, दुकानात, घरात सगळीकडे तो तोंडावर झोत मारतो. त्या झोतात बसलेल्याची लेन्स तासाभरात कोरडी पडून टोचू लागते, आणि तो म्हणतो लेन्स बिघडली. लेन्स बदलण्याआधी त्याची खुर्ची बदलावी. वेचणीच्या दिवसांत शेतात लेन्स घालून जाणाऱ्याने वरून साधा गॉगल घालावा. कडक लेन्सखाली बारीक कचरा शिरला की माणूस वावरात कळवळून बसतो, आणि लेन्स काढता येत नसेल तर चोळतो. म्हणून काढायला शिकवणं हे घालायला शिकवण्याआधी हवं. डोळा मोठा करून, पापणीचा कोपरा कानाकडे ताणून, उघडझाप, खाली ओंजळ. हे घरातल्या आणखी एका माणसालाही यायला हवं. लग्न ठरलेल्या मुली हे सासरी कुणाला कळू द्यायचं नाही म्हणतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, फक्त बहिणीला शिकवून ठेवतो.

ऑपरेशनांविषयी या पुस्तकात थोडंच आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये सायलर, श्पर्ल आणि वोलेनझाक यांनी रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून पारपटल घट्ट करण्याची क्रॉस-लिंकिंग ही पद्धत काढली. तिचे निकाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून या रोगाचं भवितव्य बदललं. वाढता रोग दिसला की, विशेषतः विशीच्या आतल्या मुलात, आधी क्रॉस-लिंकिंगसाठी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावं. लेन्स विकण्याच्या घाईत ही वेळ घालवणं हा गुन्हा आहे. क्रॉस-लिंकिंगनंतरही बहुतेकांना लेन्स लागतेच, पारपटल बदललेल्यांपैकीही अनेकांना लागते. एकाएकी डोळा पांढरट झाला, दुखू लागला, पाणी आलं, तर पारपटलाच्या मागच्या पडद्याला चीर जाऊन त्यात पाणी शिरलेलं असतं. लेन्स बंद, आणि त्याच दिवशी डॉक्टर. ते भरून यायला काही महिने जातात. गंमत अशी की राहिलेल्या व्रणाने कधी कधी शंकू चपटा होतो आणि पुढची लेन्स आधीपेक्षा सहज बसते.

अकोल्याहून वाशीम-हिंगोली-नांदेडमार्गे गाडी काचीगुड्याला जाते, आणि आपले बरेच रुग्ण त्या गाडीने हैदराबादला एल. व्ही. प्रसाद संस्थेत जातात. तिथे जे होतं ते उत्तम होतं. मोठ्या स्क्लेरल लेन्सचं, बोस्टनहून आलेल्या प्रोस पद्धतीचं काम आपल्याला इतक्यात जमणार नाही. पण एकदा बसवलेली लेन्स दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी पाहावी लागते. शंकू वाढला की जुनी लेन्स चपटी होते, आणि ते रुग्णाला कळत नाही, कारण दिसायला तर व्यवस्थित दिसत असतं. तेल्हाऱ्याच्या पोराने दर तिसऱ्या महिन्याला हैदराबाद गाठावं ही अपेक्षाच चुकीची. धारणीहून अमरावतीला येणंसुद्धा एका दिवसाची मजुरी बुडवतं. अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अमरावतीचं इर्विन, डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय, यांच्या नेत्रविभागांत ट्रायल सेट ठेवून आठवड्याचा एक दिवस ठरला, तर निम्मी गैरसोय मिटेल. २०२१ च्या कायद्याने ऑप्टोमेट्री देशपातळीवरच्या आयोगाच्या कक्षेत आली आहे. नोंदणी, अभ्यासक्रम या गोष्टी हळूहळू येतील, ट्रायल सेट विकत घ्यायला त्यांची वाट पाहण्याचं कारण नाही.

पुस्तक वाचण्याविषयी दोन शब्द. ज्यांना केराटोमीटर सरावाचा आहे त्यांनी पहिली दोन प्रकरणं चाळून सोडावीत. फ्लुरोसीनचं प्रकरण स्लिट लॅम्पजवळ बसून वाचावं, आणि प्रत्येक चित्राखालचं निदान झाकून आधी स्वतःचं लिहावं. नंबरांची उदाहरणं कागदावर सोडवावीत, मोबाइलवर नव्हे. स्क्लेरल लेन्सचं प्रकरण शेवटी ठेवलं आहे, कारण लहान लेन्सखालचं पाणी वाचता येण्याआधी मोठीकडे वळलेला माणूस सगळ्यांनाच मोठी लेन्स देऊ लागतो आणि रुग्णाच्या खिशाला ते परवडत नाही. पुसट आणि गडद काळ्यातला फरक छापील चित्रात नीट येत नाही. तो पाहायचा असेल त्याने कुणाच्या तरी ओपीडीत एक सकाळ शेजारी उभं राहावं.